माझी शेवटची आठ पाने

मित्रांनो, मी एक जुनी, बारीक अंगाची विज्ञान-लघुकादंबरी आहे. माझ्या मुखपृष्ठावर पुरस्काराची सोनेरी चकती चिकटवलेली आहे. ती पाहून माझा हेवा करू नका. आधी माझी हकिगत ऐका.

माझ्यात एका आईची गोष्ट आहे. ती परग्रहावरच्या वस्तीत पाण्याचे पंप दुरुस्त करायला जाते. तिथला एक दिवस म्हणजे इथली दोन वर्षे. आठवड्याभराचे काम, पण इकडे तिची लेक वाट पाहता पाहता मोठी होते. आई परत येते का, हे माझ्या शेवटच्या आठ पानांत आहे. माझी लेखिका दवाखान्यात केसपेपर लिहिण्याचे काम करायची आणि जेवणाच्या सुट्टीत मला लिहायची. ती आठ पाने तिने सहा वेळा लिहिली.

बांधणीच्या वेळी माझे शेवटचे कागद जरा आत सरकले आणि कापणी यंत्राचे पाते त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही. ती आठ पाने कडेने जोडलेलीच राहिली, बंद पाकिटासारखी. मला वाटले, जो शेवटपर्यंत वाचत येईल तो उघडेल. किती भोळी होते मी.

लेखिकेने मला स्पर्धेला पाठवले. तीन परीक्षकांत मिळून एकच प्रत, ती मी. पहिल्यांनी माझ्यावर चहाचा कप ठेवला. दुसऱ्यांनी प्रवासात वाचतो म्हणून नेले आणि पिशवीतून बाहेरच काढले नाही. तिसरे म्हणजे साहित्य संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी बारा पाने वाचली, तेराव्यावर त्यांचा डोळा लागला. तरी पुरस्कार मला एकमताने मिळाला. बाकीची पुस्तके जाड होती, एवढेच माझे कर्तृत्व.

समारंभात अध्यक्ष म्हणाले, "हिचा शेवट वाचताना माझे डोळे भरून आले." टाळ्या वाजल्या. मी त्यांच्यासमोरच टेबलावर होते, आठ पाने बंद. मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती. लेखिकेने त्यांना हळूच विचारले, "शेवट जमलाय ना सर? तिथंच भीती वाटत होती."

"अप्रतिम," ते म्हणाले. तिचा चेहरा उजळला. त्या एका शब्दासाठी मी अध्यक्षांना अजून माफ केलेले नाही.

मग संस्थेच्या काचेच्या कपाटात सहा वर्षे गेली. पाहुणे आले की लांबून माझ्याकडे बोट दाखवायचे, झाले माझे कौतुक.

पुढे तिथे झाडलोटीला एक मावशी आल्या. धूळ पुसता पुसता त्यांनी माझे पहिले पान वाचले. मग रोज चार-पाच पाने, उभ्यानेच, हातात फडके तसेच. त्यांची लेक दूरच्या गावी त्यांच्या बहिणीकडे शिकत होती. माझ्यातली लेक बोलू लागली की त्यांचे फडके थांबायचे.

एका दुपारी त्या बंद पानांपाशी पोहोचल्या. थोड्या घुटमळल्या. मग टेबलावरची स्टीलची पट्टी घेऊन त्यांनी हलक्या हाताने माझी पाने सोडवली. शेवट वाचला आणि त्या फडक्यानेच डोळे पुसले.

तेवढ्यात अध्यक्ष आले. "पुरस्काराचं पुस्तक फाडलंत? काही अक्कल?"

"फाडलं नाही सर. पानं जोडलेली होती, ती सोडवली."

"काहीतरीच काय. मी स्वतः वाचलंय हे."

मावशींनी मला अलगद मिटून टेबलावर ठेवले. "मग सर, शेवटी ती आई परत येते का हो?"

अध्यक्षांनी घसा साफ केला. "येते की. म्हणून तर डोळे भरून आले."

"नाही येत, सर," मावशी म्हणाल्या. "लेकच तिच्याकडे जाते."

दुसऱ्या दिवसापासून मावशींचे काम सुटले. कपाटाला नवे कुलूप लागले आणि त्यावर पाटी आली, 'पुस्तके जपून हाताळा'.

मित्रांनो, मला असले जपणे नको. मला दुमडा, माझ्यावर डाग पाडा, पण शेवटपर्यंत वाचा. आणि वाचले नसेल तर तसे सरळ सांगा. लाज त्यात नाही.

माझी लेखिका कुठे भेटली, तर एवढा निरोप द्या. तिला त्या दिवशी जे सांगितले ते खोटे होते. पण शेवट खरोखरच जमला आहे. एका बाईने वाचला आहे तो.