कोलूवरल्या दोन बरण्या

तळ्याच्या पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. गावात आलेले साधू, आमचे सामियार, म्हणाले, "डोळे मिटा. देवी आई स्नानाला येताहेत." घटकाभराने डोळे उघडले तर सकाळचं हिरवं तळं कुंकू कालवल्यासारखं लाल. रोज भर दुपारी हे व्हायचं. आभाळ आलं की मात्र आई यायच्या नाहीत. त्या दिवशी सामियार भक्तांच्या पापांवर बोलायचे.

माझी बायको अंबा क्षयाने आजारी होती. दवाखान्यातली इंजेक्शनं सोडून ती ते लाल पाणी तीर्थ म्हणून पिऊ लागली. मी भांडून थकलो. कचेरीत जायचो, परत यायचो, तिचा खोकला ऐकायचो. मन पार बधिर झालं होतं.

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत कनकलता टीचर राहायच्या, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. नवरात्रात त्यांनी पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या कोलूत खालच्या पायरीवर मातीचं शेत, बेडूक, साप मांडले आणि खिडकीच्या उन्हात तळ्याच्या पाण्याच्या दोन बरण्या ठेवल्या. उघडी लाल, फडक्याखालची हिरवी. प्रसादाचं सुंडल, हरभऱ्याची उसळ, खायला दुपारीच या, असं बायकांना बजावलं. अंबाला धाप लागायची, म्हणून तिच्यासोबत मीही गेलो.

पण कोलूवर जे ठेवलं तो देवच. शेजारच्या वेंकूबाईंनी लाल बरणीला कुंकू लावून हात जोडले. अंबाने त्यातलंच तीर्थ मागितलं.

टीचर हसल्या नाहीत. "अक्का, या बरणीचं फडकं त्या बरणीवर तुम्हीच घाला."

"आईंना झाकूं?" अंबा बिचकली.

"झाकून बघा. सामियार तर इथं नाहींत."

अंबाने झाकलं. बायकांचं सुंडल खाऊन झालं, तेव्हा तिनेच फडकं काढलं. लाल बरणी हिरवी झाली होती, आणि हिरवी लाल.

"गुरं धुतलेल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव माजतात," टीचर म्हणाल्या. "ऊन लागलं कीं त्यांच्या अंगातला लाल रंग हिरव्यावर पसरतो, सावलींत आंत जातो."

म्हणजे सामियार आयत्या बिळावरचे नागोबा. काम उन्हाचं, नमस्कार यांना.

अंबाने फडकं घडी करून खाली ठेवलं. "म्हणजे मी शेणाचं पाणी प्यालें," ती म्हणाली. "उद्या दवाखान्यांत न्याल?"

नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि उशीर झाला म्हणाले. इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली, पण संक्रांतीच्या पोंगलपर्यंत ती राहिली नाही. मला रडू आलं नाही. अजून येत नाही.

सामियार दुसऱ्या गावी गेले. तळं अजून दुपारी लाल होतं. तुमच्याकडे असं काही दिसलं, तर हात जोडण्याआधी थोडं पाणी सावलीत ठेवून बघा, आणि आजाऱ्याचं औषध त्या पाण्याच्या भरवशावर थांबवू नका. बघायला एक दुपार पुरते. अंबालाही तेवढीच पुरली.