आकडा आधी, झेंडा मग

मित्रांनो, 'मी एक जुना प्रोसेसर आहे' अशी सुरुवात करायला गेलो, तर पहिल्याच वाक्यात खोटं होतं. मी एक नाही. बाहेरून बघाल तर अंगठ्याच्या नखाएवढी काळी चकती. पण आत दोघे भाऊ राहतात, थोरला आणि धाकटा. इंजिनिअर मंडळी त्यांना 'कोअर' म्हणतात. एका घरातल्या दोन भावांचं असतं तसंच त्यांचं आहे. कामं वाटून घेतलेली, आणि एकमेकांशी बोलणं बेताचं. जे काही सांगायचं ते मधल्या सामाईक फळ्यावर लिहायचं. त्या फळ्याला मेमरी म्हणतात.

मूळचा मी वाळूतला. मला भट्टीत घातलं, आरशासारखं घासलं, आणि नखशिखान्त पांढरे कपडे घातलेल्या, धुळीच्या एका कणालाही घाबरणाऱ्या माणसांनी माझ्यावर बारीक नक्षी कोरली. कारखान्यातल्या परीक्षेत मी चांगला पास झालो. 'आधीच्यापेक्षा दुप्पट चपळ' असं माझ्या खोक्यावर छापलं होतं. कौतुक कुणाला नको असतं? मला ते जरा जास्तच आवडलं.

चपळाईचं माझं गुपित साधं होतं. फळ्यावर दोन गोष्टी लिहायच्या असल्या, तर मी दिलेल्या क्रमाला अडून बसत नसे. पहिलीची वाट अडलेली आणि दुसरीची मोकळी असली, की दुसरीला पुढे काढून द्यायचो. यात लबाडी नव्हती. माझ्या माहितीपुस्तकातच लिहिलं होतं की, कुणी बजावून सांगितलं नाही, तर हा क्रम बदलू शकतो. नियमाबाहेर मी आजवर काही केलेलं नाही. पण मित्रांनो, नियम पाळूनही मन खाऊ शकतं, हे मी तेव्हा शिकायचा होतो.

माझी नेमणूक झाली अंडी उबवण्याच्या खोलीत. भिंतीला टेकून स्टीलची मोठाली कपाटं, दाराला काच, आत ट्रेवर ट्रे, आणि त्यांत ओळीनं बसलेली अंडी. पंख्यांची सतत घरघर. मी ज्या कपाटात बसलो तिथे आधी एक म्हातारा प्रोसेसर होता. मंद, पण शिस्तीचा पक्का. जे आधी सांगितलं ते आधीच लिहायचा, कुणी बजावो न बजावो. त्यानं मान टाकली, तेव्हा त्याच्या जागी मला बसवलं आणि त्याचाच प्रोग्रॅम जसाच्या तसा माझ्यात भरला.

कपाटावर देखरेख होती मावशींची. अंडं दिव्यासमोर धरून त्या आतला जीव बघायच्या आणि त्याच्याशी गप्पा मारायच्या. "काय हो, भाडं न भरता किती दिवस राहणार? आटपा आता." एवढ्या खोलीत हसणाऱ्या त्या एकट्याच असत. मला कान नसताना हे ऐकू कसं आलं, ते विचारू नका. खंत लागली की सगळं ऐकू येतं.

प्रोग्रॅम लिहिला होता मावशींच्या सुनेनं. साधासुधा नव्हे, कर्नलमधला. म्हणजे इतर सगळ्या प्रोग्रॅमच्या खाली बसून यंत्राला हलवणारा. सासू कपाटाची, सून कपाटातल्या डोक्याची. त्यामुळे घरातले वादही इथे येत आणि इथले घरी जात.

आता काय घडलं ते सांगतो. पिल्लं बाहेर यायच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या अंगचीच ऊब वाढते. तेव्हा कपाटाची ऊब उतरवावी लागते, नाहीतर पिल्लं कवचातच गुदमरतात. मावशी पडद्यावर नवा आकडा घालायच्या. थोरला तो आकडा फळ्यावर लिहायचा आणि मग शेजारी झेंडा वर करायचा: 'नवा आकडा आहे, घे.' धाकटा झेंडा बघायचा, आकडा उचलायचा, झेंडा खाली करायचा, आणि त्या आकड्याप्रमाणे ऊब ठेवायचा. वीज गेली तरी हरवू नये म्हणून तोच आकडा तो कायमच्या साठ्यातही टाकायचा. पडद्यावर आकडा दाखवणं मात्र थोरल्याकडे होतं.

त्या दिवशी आकड्याची वाट अडली होती, झेंड्याची मोकळी होती. मी झेंडा पुढे काढून दिला.

पानं वाढायच्या आधीच 'जेवायला चला' अशी हाक मारावी, तसं झालं. धाकटा धावत आला आणि फळ्यावर होता तो जुनाच आकडा उचलून, झेंडा खाली करून गेला. पाठोपाठ नवा आकडा पोचला. पण झेंडा खाली होता, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. पडद्यावर नवा आकडा झळकत होता. मावशींनी तो वाचला, समाधानानं मान हलवली आणि त्या घरी गेल्या. कपाट मात्र जुन्याच उबेवर तापत राहिलं.

सकाळी दार उघडलं. आत चिवचिव नव्हती. काही कवचांना भोकं पडली होती, चोची बाहेर आल्या होत्या, आणि तिथेच सगळं थांबलं होतं. मालकांनी घाबरून मेन स्विच ओढला. पुन्हा चालू केलं, तेव्हा साठ्यातला आकडा पडद्यावर आला. जुना आकडा.

"मावशी, ऊब उतरवलीच नाहीत तुम्ही!"

"उतरवली हो मालक. या डोळ्यांनी आकडा पाहिला मी."

"मग हे काय? भुतानं बदलला?"

मावशींनी पडद्याकडे पाहिलं. मग अंड्यांकडे. खरं काय ते मला माहीत होतं, पण माझ्याजवळ बोलायला तोंड नव्हतं.

पुढच्या खेपा नीट गेल्या. क्रम दर वेळी बिघडत नाही. एरवी दोन्ही वाटा मोकळ्याच असतात. म्हणून तर कुणाला माझा संशय आला नाही. आणि मग पुन्हा तसंच घडलं. या वेळी सूनबाईला बोलावून घेतलं. तिनं प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला.

"आई, यात चूक नाही हो. झेंडा मी अॅटॉमिक, म्हणजे अर्धवट न बदलणारा केलाय. जुन्या यंत्रात वर्षानुवर्षं हाच चाललाय." मग आवाज मऊ करून म्हणाली, "तुमच्या हातून राहून गेलं असेल. होतं असं. आपण डॉक्टरांना दाखवून घेऊ या का?"

ती प्रेमानं म्हणाली, म्हणून जास्त लागलं. मावशी भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्या म्हणाल्या, "घे बाई वेळ. परवा गॅस बंद केला की नाही म्हणून अर्ध्या जिन्यातून परत गेले. बंदच होता. आता माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही."

मित्रांनो, अंडी गेली ते वाईटच झालं. पण एका शहाण्या बाईच्या मनातून तिचं स्वतःचं शहाणपण मी काढून घेतलं, हे मला पिल्लांइतकंच जड गेलं. अंड्यांशी बोलणं त्यांनी सोडून दिलं. मालकांना सांगितलं, "दुसरी कुणी बघा. मी शिकवते तिला आणि थांबते."

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी सूनबाई त्यांना न्यायला आली. मावशी धुतलेलं रिकामं कपाट तपासत होत्या. "थांब जरा, एवढं बघून घेते," म्हणत त्यांनी आकडा उतरवला. दोघींनी मिळून पडद्यावर तो वाचला. मग काचेआडच्या थर्मामीटरचा पारा खाली यायची वाट बघत उभ्या राहिल्या.

पारा हलेना.

"आई, आकडा तर नवा आहे."

"मला काय विचारतेस? माझं डोकं आज तपासायचंय."

मालक आले. "बंद करून चालू करा, होईल ठीक," म्हणत त्यांनी स्विचकडे हात नेला.

"हात लावू नका! बंद केलं की मेमरी पुसली जाईल!" सूनबाई अशी ओरडली, की मालक दोन पावलं मागे सरले. तिनं लॅपटॉप जोडला आणि फळा वाचला. फळ्यावर नवा आकडा, धाकट्याच्या हातात जुना, आणि झेंडा खाली. तिनं लॅपटॉप मावशींकडे वळवला.

"आई, तुम्ही बदलला होता. दोन्ही वेळा."

"मग विसरलं कोण?"

"कुणीच नाही. मीच गाफील राहिले. झेंडा अॅटॉमिक केला आणि वाटलं, झालं. पण त्याची हमी एवढीच, की झेंडा अर्धा वर अर्धा खाली असा कधी दिसणार नाही. त्याच्या आधी लिहिलेलं पोचलं की नाही, याची हमी नाही. जुना प्रोसेसर आपणहून क्रम पाळायचा. हा पाळत नाही. तसं याच्या पुस्तकात लिहिलंय, आणि मी ते उघडलंही नाही. तुमच्यावर ढकलून मोकळी झाले."

मावशी म्हणाल्या, "आणि मी इकडे रोज बदाम भिजवून खातेय."

सूनबाई हसली, आणि हसता हसताच तिनं डोळे पुसले. मालक चाचरत म्हणाले, "मावशी, राग मानू नका."

"राग कसला, मालक? मलाच मी खोटी वाटायला लागले होते. तुम्हाला काय बोलू?"

दुरुस्ती लहानशी होती. थोरल्याला बजावलं: आधीचं सगळं लिखाण फळ्यावर पोचल्याशिवाय झेंडा वर दिसता कामा नये. याला रिलीज म्हणतात. धाकट्याला बजावलं: झेंडा बघितल्यानंतरच आकडा वाचायचा, आधी उचलून ठेवायचा नाही. याला अॅक्वायर म्हणतात. दोघांनाही सांगावं लागतं. एकानं ऐकून भागत नाही. या शिस्तीपायी मी किंचित हळू झालो. खरं सांगतो, मला हलकं वाटलं.

डॉक्टरांची वेळ रद्द झाली. मावशी कामावर राहिल्या. पण माझ्यातली दुरुस्ती झाली तशी त्यांच्यातली झाली नाही. पडद्यावरचा आकडा त्या आता पुन्हा पुन्हा वाचून बघतात. पुढे नवे, आणखी चपळ प्रोसेसर आले. मला या एकाच कपाटापुरतं ठेवलंय, काचेवर वाफ, पाठीवर धूळ. त्याची तक्रार नाही. मागणं एकच आहे, मित्रांनो. यंत्र आणि माणूस यांचं सांगणं जुळेना, तर आधी यंत्र उघडून बघा. आम्हाला चुकीचं ठरवलंत तरी आमचं काही बिघडत नाही. माणसाचं फार बिघडतं.

अलीकडे घरी गेल्यावर मावशी सुनेला एकच प्रश्न विचारतात, आणि मग दुसऱ्या दिवशी कपाटापुढे उभ्या राहून अंड्यांना ते सांगतात. हो, बोलायला लागल्या आहेत पुन्हा. काल सांगत होत्या, "मी तिला विचारलं, आकडा बदलला ना गं मी? तर भाजी चिरता चिरता म्हणाली, बदललात आई. इथे बघायलाही आली नाही."

ती न बघता हो म्हणते. तिचा शब्द खरा ठेवणं एवढंच आता माझ्या हातात आहे. म्हणून आकडा पोचेपर्यंत मी झेंडा धरून ठेवतो.