बिडाचं भांडं आणि चार पुडे मीठ

सासूबाई कुठल्या मापाचं भांडं घेतात यावरून त्या आमच्याकडे राहणार की जाणार हे कळेल, असं मी शनिवारी सकाळी ठरवून टाकलं. लहान घेतलं तर जाणार, कारण एकट्या बाईला लहानच पुरतं. मोठं घेतलं तर राहणार, कारण आम्ही घरात चौघं. एवढं सरळ गणित होतं, तरी मी पहाटेपासून जागी होते.

"सरळ विचार ना आईला," नवरा म्हणाला.

"तू विचार. आई तुझी आहे."

"मी विचारलं तर ती म्हणेल, तुझ्या बायकोला विचार." आणि तो मुलीला घेऊन पोहायच्या वर्गाला निघून गेला. घरात काही अडचण आली की या माणसाला पोहण्याचं फार महत्त्व वाटतं.

खरं म्हणजे विचारायला मला तोंडच नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी सासूबाई त्यांच्या जिन्यावरून घसरल्या आणि उजवं मनगट दोन जागी मोडलं. त्या आमच्याकडे आल्या त्याच दिवशी मी बहिणीला फोन करून म्हणाले होते, "तीन महिने. हात बरा झाला की जातील आपल्या घरी. तेवढं मी कसंतरी काढीन." माझ्या जिभेला हाड नाही हे माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे. दार नीट लागलेलं नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, तीन महिने पुढच्या पानावर, एका तारखेखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. डाव्या हाताने काढलेला, जरा वाकडा. माफी मागायची तर तुम्ही ते ऐकलंत हे आधी बोलावं लागणार. ते मी बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. ठिपका मात्र रोज भिंतीवर होता. आता तो आठ दिवसांवर आला होता.

मधल्या काळात जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. सासूबाई बत्तीस वर्षं एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होत्या, रोज तीनशे माणसांचं जेवण. मी कृत्रिम दात बनवते. दिवसभर भिंगाखाली दाताच्या टोप्या घासायच्या, भट्टीत घालायच्या, आणि घरी येऊन जे हाताला लागेल ते करपवायचं, असा माझा संसार. त्यांचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून त्या ओट्याशी खुर्ची टाकून बसायच्या. "डावा हात माझा, उजवा तुझा," म्हणायच्या. मी चिरायचे, त्या ढवळायच्या. कांदा किती लाल झाला की पुरे, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. संध्याकाळी कामावरून निघताना मी घाईने चालायला लागले, आणि ती घाई पोटातल्या भुकेची नव्हती.

पण पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी जाहीर केलं, "हात बरा झाला." तेव्हापासून त्या मला हाक मारेनात. मी येईपर्यंत सगळं तयार. मला फार लागलं ते. त्यांच्या घरमालकिणीने खोली पुढे ठेवायची की सोडायची हे शनिवारपर्यंत कळवायला सांगितलं होतं. आणि गुरुवारी जेवताना त्या म्हणाल्या, "मला एक भांडं घ्यायचंय. बिडाचं, आतून एनॅमल केलेलं, जड झाकणाचं. जन्मभर दुसऱ्यांच्या हंड्यांत शिजवलं, असलं एक घरात असावं असं फार वाटायचं."

कुठल्या घरात, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुकान भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दारातच सुऱ्या, मग चाळण्या, मग तवे, आणि अगदी आत लाकडी फळीवर ही भांडी. तीन मापं होती. दोन लिटरचं लाल, साडेतीनचं पिवळट, साडेपाचचं गडद निळं. विकणारी मुलगी तरतरीत होती, चष्मा दोरीने गळ्यात. "डच ओव्हन म्हणतात याला, काकू. मंद आचेवर ठेवा, भट्टीत ठेवा, पावसुद्धा होतो यात. फक्त तापलेलं असताना गार पाणी ओतायचं नाही, आणि आपटायचं नाही. टवका उडाला की संपलं."

"लोखंडावर काच भाजून बसवलेली असते," मी म्हणाले. "दोन्ही सारखी फुगली आणि सारखी आकसली तरच टिकते." हे मी कुणाला सांगत होते कोण जाणे. घाबरले की मी माहिती द्यायला लागते.

सासूबाई लाल भांड्यापाशी थांबल्या. झाकण काढलं, आत हात फिरवला. मग झाकण ठेवून त्या पुढे सरकल्या. पिवळटाकडे नुसतं पाहिलं. निळ्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे खाली काढा."

त्यांनी पिशवीतून मिठाचे चार पुडे काढले आणि भांड्यात रचले. एक किलोचा एक. मुलगी बघतच राहिली.

"रिकामं भांडं कुणीही उचलतं," सासूबाई म्हणाल्या. "भरलेलं झेपतं का ते बघायचं." मग पिशवीतून दोन जाड फडकी काढली, कारण तापलेलं भांडं काही उघड्या हाताने धरत नाहीत, आणि ती माझ्या हातात दिली. "उचल."

"मी?"

"तूच. उचल, इथून तिथवर ने, आणि हळू ठेव. ठेवताना खरं कळतं."

मी उचललं. जड होतं, पण काम करणारे हात आहेत माझे. नेलं, ठेवलं, आवाज झाला नाही. "मान दुखते का? कंबर?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. "मग हेच द्या," त्या मुलीला म्हणाल्या.

मोठं! मला त्या दुकानात उडी मारावीशी वाटली. चौघांचं भांडं! मी मनातल्या मनात त्यांच्या खोलीला नवा पडदासुद्धा लावून टाकला.

"रविवारी एकदाच भरून करून ठेवत जा," त्या फडकी घडी करत म्हणाल्या. "दोन दिवस तरी जातील तुम्हा तिघांना. कामावरून थकून येतेस, मग करपतं. यात करपणार नाही. मी तिकडे गेल्यावर पोरीचे हाल नकोत. जाताना घरमालकिणीला फोन करू, एक तारखेपासून येते म्हणून."

भांडं मोठं होतं ते माझ्यासाठी. जाणाऱ्या माणसाने मागे ठेवून जायची वस्तू. माझ्या गणितात हे उत्तर नव्हतंच.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी पर्समधून भिंग काढलं.

"थांबा," मी म्हणाले. "काठ बघू दे."

काठावर टाचणीच्या टोकाएवढा एक खड्डा होता. असतोच तो, भट्टीत भाजताना भांडं कुठेतरी टेकतंच. "हे नको. दुसरं दाखवा." मुलीने मागून दुसरा खोका आणला. त्याचं झाकण जरा डुगडुगत होतं. "यातून वाफ जाईल." तिसरं आलं. तिसऱ्याला मला काही सापडेना, म्हणून मी नखाने कडा तपासल्या, बुडावर टिचकी मारून आवाज ऐकला, दिव्याखाली तिरकं धरून पाहिलं. मला माहीत होतं मी काय करतेय. खुसपट काढत होते. जोवर भांडं ठरत नाही तोवर फोन होत नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"ताई, तुम्ही काम काय करता?" मुलीने शेवटी विचारलं.

"दात बनवते."

"तरीच," ती म्हणाली. "हे तोंडात नाही घालायचं, चुलीवर ठेवायचंय."

मागे एक गृहस्थ किसणी घेऊन ताटकळत होते, त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. सासूबाईंचा चेहरा लाल झाला. चारचौघांत शोभा झालेली त्यांना मुळीच खपत नाही. "पुरे झालं," त्या म्हणाल्या. "पहिलंच घेऊ. दे इकडे."

पहिलं निळं भांडं अजून फळीवर होतं, आत चारही पुडे. मी पुढे होईपर्यंत त्यांनी दोन्ही कान धरून ते उचललं. एक पाऊल टाकलं. मग त्यांचं उजवं मनगट आतून कुणीतरी सोडून दिल्यासारखं खाली गेलं. भांडं कलंडलं. एक पुडा बाहेर घरंगळून फरशीवर फुटला. मी झडप घालून उजवीकडचा कान पकडला तेव्हा भांडं त्यांच्या पावलापासून चार बोटांवर होतं.

मुलीने धावत येऊन ते आमच्या हातातून घेतलं. सासूबाई स्टुलावर बसल्या. उजवा हात डाव्या हाताने छातीशी धरला होता.

तेव्हा मला सगळं दिसलं. गेले पंधरा दिवस सासूबाई पातेल्यात पाणी पेल्यापेल्याने ओततात. पातेलं उचलत नाहीत, ओट्यावरून सरकवतात. बरणी मांडीत धरून उघडतात. मी समजत होते ही इस्पितळातली सवय. दाताच्या टोपीवरची केसाएवढी चीर मला दिसते, आणि हे माझ्या नाकासमोर चाललं होतं.

"हात बरा झालेलाच नाही," मी म्हणाले.

"होईल."

"आई, मग झाला असं का सांगितलंत?"

त्या फरशीवरच्या मिठाकडे बघत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तीन महिने होत आले ना गं."

मला रडू फुटलं. दुकानात, किसणीवाल्यासमोर, हातात भिंग. "मी बोलले ते," मी म्हणाले, "तेव्हा मी तुम्हाला ओळखत नव्हते. वाईट बोलले. तुम्ही ऐकलंत हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं, आणि मी तीन महिने मूग गिळून बसले. तुम्ही जाऊ नका. हातासाठी नाही म्हणत मी. संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही नसलात तर मला आवडणार नाही."

त्या मनगट चोळत बसल्या. मुलगी झाडू घेऊन आली आणि मीठ गोळा करू लागली. किसणीवाला छताकडे बघायला लागला. मला वाटलं, संपलं, उशीर झाला, ठिपका काढून तीन महिने झाले, आता माझ्या रडण्याने काय होणार.

"हे निळं परत ठेवा," त्या मुलीला म्हणाल्या.

मी भिंग पर्समध्ये टाकलं.

"मधलं काढा. पिवळं. आणि तू, त्यात दोनच पुडे घाल."

मी घातले. त्या उठल्या, दोन्ही कानांना फडकी गुंडाळली आणि उचललं. सगळा भार डाव्या हातावर घेतला, उजवा नुसता टेकू. दोन पावलं चालल्या. भांडं फळीवर आवाज न करता ठेवलं आणि श्वास सोडला.

"निळं तुझ्या हाताचं होतं," त्या म्हणाल्या. "मी राहणार तर ते काय कामाचं? मला हे झेपतं. चौघांना जरा काटेकोर होईल. मुलगा दोनदा वाढून घेतो, त्याला एकदाच मिळेल."

"चालेल," मी नाक पुसत म्हणाले. "तो पोहायला जातो, त्याला वजन कमीच बरं."

"फोन तूच लाव," त्या म्हणाल्या. "मी बोलणार नाही."

मुलगी पिवळं भांडं खोक्यात घालत होती. मी तिथेच उभी राहून घरमालकिणीचा नंबर लावला. सासूबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, फडक्यांच्या घड्या घालत. एका फडक्याची घडी तीनदा घातली. मला जे बोलायचं होतं ते मी जरा मोठ्यानेच बोलले, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून.

"त्या खोली सोडताहेत," मी सांगितलं. "आता आमच्याकडेच राहणार."

"अरेरे," घरमालकीण म्हणाली. "म्हणजे हात काही बरा झाला नाही वाटतं?"

"नाही झाला," मी म्हणाले. "आणि झाला तरी त्या येणार नाहीत."