पाटीवरची बायको

"‘…आणि त्याची एकनिष्ठ पत्नी मार्गारेट.’" वॉरनने शेवटची ओळ मोठ्याने वाचली आणि कागद मार्मलेडच्या बरणीला टेकवून उभा केला. "कशी वाटते पाटी, बेरिलबाई? अस्सल पितळेची करतोय."

बेरिल लार्टर चहा ओतत होती. तिने किटली खाली ठेवली. चर्चमधलं पितळ घासायची पाळी दर शुक्रवारी तिचीच असे. म्हणजे मरेपर्यंत ही पाटी आपणच लखलखीत ठेवायची, हे तिच्या लक्षात आलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

वॉरन थर्टल गेले नऊ दिवस तिच्याकडे राहत होता. पूर्वजांचा माग काढायला तो ऑस्ट्रेलियाहून नॉरफोकमधल्या या लहानशा गावात आला होता. असे पाहुणे चर्चमधून बेरिलकडेच पाठवले जात. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेली बाई. कुणाला उपाशी उठू द्यायचं नाही आणि कुणाला उलटून बोलायचं नाही, हा तिचा खाक्या. वॉरनचा खापरपणजोबा विल्यम याच गावचा. दोन मेंढ्या चोरल्या म्हणून १८३१ साली त्याला ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडलं, आणि तिकडे मार्गारेटशी लग्न करून तो मोठा जमीनदार झाला. कालच चर्चच्या दारावर नोटीस लागली होती. अठ्ठावीस दिवसांत कुणी हरकत घेतली नाही, तर त्याच्या नावाची पाटी आत भिंतीवर बसणार होती.

"आणि सूझनचं काय?" बेरिलने विचारलं.

"कोण सूझन?"

"त्याची बायको. याच चर्चमध्ये लग्न लागलं त्यांचं."

"अहो, ती चौतीस सालीच वारली. नॉरिचच्या दप्तरात नोंद आहे ना. बिचारा विल्यम, विधुर झाला होता तो."

"ती पोर होती हो! तीन वर्षांची! थोरल्या लेकीला आईचंच नाव ठेवायचे इथे. शेजारी वय लिहिलंय, ते नाही वाचलंत?"

वर्तमानपत्राआडून बेरिलचा नवरा डेरेक म्हणाला, "बेरिल, टोस्ट करपतोय."

"करपू दे."

वॉरन अंड्याचं टरफल चमच्याने टोकरत राहिला. "वाचलं होतं," तो शेवटी म्हणाला. "सूझन एकाहत्तर साली वारली, ती नोंदही पाहिली. पण घरी माझ्या तीन बहिणी आहेत. दोन बायकांचा दादला म्हटलं की तोंड कुठे लपवायचं? इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या? शिवाय पाटीवर जागा तरी कुठाय?"

खापरपणजोबा मेंढीचोर असल्याचा या माणसाला अभिमान होता. वरच्याच ओळीत ठसठशीत अक्षरांत कोरायचं होतं: ‘दोन मेंढ्यांपायी हद्दपार.’

"मेंढ्यांना जागा झाली," बेरिलचा आवाज चिरकला, "आणि बायकोला होत नाही?"

"बेरिल, पाहुणे आहेत ते," डेरेक पुटपुटला.

"तू गप्प बस! सूझन माझ्या खापरपणजीची आई. पोर गेली तेव्हा पदरात धाकटी मुलगी होती. गिरणीवरचा माणूस लग्न करायला तयार होता. पाद्री म्हणाले, नवरा सात वर्षं बेपत्ता असला तर कुणी विचारत नाही, तू विधवाच. तर म्हणाली, ‘मेला असं कुणी सांगितलं? तो आला तर काय सांगू?’ चाळीस वर्षं वाट बघितली त्या वेडीने! निराधारांना कामाला जुंपायचे त्या गरीबखान्यात जुने दोर उसवून बोटं फुटली तिची. आणि हा तिकडे दुसरा संसार थाटून बसला. एकनिष्ठ कुणाला म्हणता हो तुम्ही?"

लहानपणी आईकडून ही गोष्ट ऐकताना बेरिलला सूझनचाच राग यायचा. कसली ही खुळी बाई, असं वाटायचं. आज मात्र राग बरोबर जागी जाऊन पडला होता.

"तुमच्या भावना मी समजू शकतो," वॉरन म्हणाला.

"काही समजत नाही तुम्हाला. अंडं खा, गार होतंय."

ॲप्रनवरच कोट चढवून ती थेट पाद्रीणबाईंच्या दारात उभी राहिली. फिलिपाबाई या चर्चच्या नव्या पाद्री होत्या. हरकतीचा अर्ज म्हटल्यावर त्या जरा गडबडल्या. वेदीवरची फुलं बदलली तरी ‘छान’ म्हणणारी हीच ना ती बेरिल! तरी त्यांनी छापील कागद काढून दिला.

बेरिलने तिथलंच एक पुस्तक मांडीवर घेऊन त्यावर कागद ठेवला आणि सावकाश लिहायला सुरुवात केली. हरकत काय, या रकान्यात तिने लिहिलं, ‘पाटी खोटी आहे.’ आणखी काही लिहावंसं तिला वाटेना. पुढच्या रकान्यापाशी मात्र ती अडली.

"‘या प्रकरणाशी आपला संबंध’ म्हणजे काय लिहायचं हो?"

"‘गावकरी’ लिहा. तेवढं पुरतं," फिलिपाबाई म्हणाल्या.

बेरिलने थोडा विचार केला. मग शाळेच्या फळ्यावर जेवणाचे पदार्थ लिहायची तशा मोठ्या, सुट्या अक्षरांत तिने लिहिलं: ‘बायकोकडची.’