सोललेली गाठ

जावईबापू हल्ली सूर्याच्या आधी उठू लागले होते, आणि सुरीमावशीला हे अजिबात पसंत नव्हतं. आळशी माणूस आळशी राहिला की घरातल्यांना त्याचा अंदाज असतो. लग्न झाल्यापासून ज्याला चहा अंथरुणात लागायचा, तो आता सासूच्या, म्हणजे मावशीच्याच, कोंबडीच्या दुकानात तिच्याआधी हजर! वर कामही कसलं, तर पेटे साफ करायचं. पेटा म्हणजे कोंबडीच्या पोटातली कडक पिशवी, तिच्यात दाणे दळले जातात. ती चिरून आतलं पिवळं कातडं सोलायला कंटाळतात भलेभले. जावईबापू मात्र मान खाली घालून सोलत बसायचे. तेही धड नाही. कडेला पिवळी किनार हमखास राहायची. मग पेटे आणि थोडं रक्त बर्फाच्या डब्यात भरून गायब.

"कुणासाठी नेता हो?" मावशीने एकदा विचारलं.

"मित्राच्या कुत्र्यासाठी."

"कुत्र्याला सोलून लागतात? चमच्याने खातो का?"

जावईबापू हसले आणि सटकले. मावशीने हे मनात ठेवलं. गल्लीत काही नाहीसं झालं की लोक पोलिसांच्या आधी तिच्याकडे यायचे. पोलीस चहा पिऊन जायचे. मावशी चोर हातात द्यायची, बहुतेक वेळा थोडा सुजलेला.

त्याच आठवड्यात तिची लेक पोट धरून दुमडली. डॉक्टरीणबाईंनी उजव्या कुशीत बोटं दाबली, तशी पोरगी किंचाळली.

"अपेंडिक्स आहे. आजच ऑपरेशन. आत फुटलं तर जिवावर बेतेल, मावशी."

मावशीने लेकीला जावयाबरोबर रिक्षात बसवलं, दुकान बंद केलं, कपड्यांची पिशवी भरली आणि मागोमाग हॉस्पिटल गाठलं. तिथे तिची लेक आलीच नव्हती. फाटकाशी तोच रिक्षावाला नजर चुकवत उभा दिसला. मावशीने त्याची कॉलर धरली.

"साहेबांनी वाटेत गाडी वळवायला लावली, मावशी. हातवाल्या बाबांकडे."

"आणि तू वळवलीस?"

"नवरा आहे तो तिचा! मी कोण सांगणार?"

"चल आता. आणि ब्रेक विसर."

हातवाल्या बाबाचं नाव सगळ्या शहरात गाजत होतं. गाड्या दुरुस्त करायच्या जुन्या शेडमध्ये त्याचा दरबार भरायचा. सुरी नाही, सुई नाही. बाबा उघड्या हाताने पोटात शिरायचा, रक्ताचा लोट यायचा, हातात गाठ यायची, आणि फडक्याने पुसलं की पोटावर ओरखडासुद्धा नाही! गाठ लगेच पेटत्या शेगडीत. "पाप आहे ते, बघू नका," बाबा म्हणायचा, आणि शिकलेसवरलेले लोक शहाण्यासारखे डोळे मिटायचे.

मावशी पोचली तेव्हा टेबलावर एक म्हातारा शिंपी होता. बाबाने आधी त्याच्या दोन्ही गालांवर फाडफाड वाजवल्या.

"वेदना झोपलीय. तिला उठवतो!"

वेदना उठली की नाही ठाऊक नाही, शिंप्याचा दात मात्र पडला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग रक्त, गाठ, शेगडी, आणि पुन्हा टाळ्या.

मग टेबलावर मावशीच्या लेकीला आणलं. ती वळवळत होती. दोन दांडग्या चेल्यांनी तिचे हात दाबले, एकाने तोंडात बोळा कोंबला.

"ही आपल्या सेवकाची बायको," बाबा गरजला. "घरच्या माणसाला मी आधी बरं करतो. बघा आणि विश्वास ठेवा!"

त्याने नेमकी उजवी कूस दाबली. बोळ्याआडून जो आवाज आला, तो मावशीने आजवर कुठल्या जनावराच्या तोंडूनही ऐकला नव्हता.

ती गर्दीत घुसली. कुणी कोपर मारलं, कुणी झिंज्या धरल्या, ओठ फुटला. मावशीने चावलं, तुडवलं, एकाच्या पायाच्या अंगठ्यावर टाच रोवली. टेबलाशी पोचली तेव्हा बाबाची बोटं पोटात शिरलेली "दिसत" होती. जवळून पाहिल्यावर नीट दिसलं. बोटं दुमडलेली होती, मऊ पोटात मुठीने खड्डा पडला होता आणि बाजूला मोठा कापसाचा बोळा. त्याने बोळा चिरडला. रक्त उसळलं. लाल गोळा वर आला.

मावशीने त्याचा अंगठा धरला आणि उलटा मोडला. काडीसारखा आवाज झाला. गोळा तिच्या तळहातावर पडला.

"ही गाठ माझ्या लेकीच्या पोटातली?"

"होय! जन्मापासूनची!" बाबा कळवळत ओरडला. "हात जळतील तुझे, टाक ती!"

"मग हिला आतून सोललं कुणी?"

मावशीने गोळा उंच धरून उलगडला.

"हा कोंबडीचा पेटा आहे. चिरलेला, धुतलेला, आतलं कातडं काढलेला. माझ्या लेकीच्या पोटात कुणी दुकान मांडलंय का?"

एका चेल्याने तिच्या पाठीत काठी घातली. मावशी गुडघ्यावर आली, पण उठताना टेबलाखाली लपवलेलं रक्ताचं पातेलं उचलूनच उठली आणि ते त्याच्या तोंडावर हाणलं. तो आडवा झाला. दुसरा पुढे येणार होता; त्याने पहिल्याचे दात मोजले आणि विचार बदलला.

"अहो शिंपीदादा, इकडे या. टेबलावरच्या या रक्तात बोट घाला."

शिंप्याने बोट घातलं. "गार आहे... बर्फासारखं."

"मघाशी तुमच्या तोंडातून आलं ते कसं होतं?"

म्हाताऱ्याने गालाला हात लावला. "कोमट."

मावशीने कापूस पिळला. त्यातून फुटकी रबरी पिशवी निघाली. तिने ती प्रत्येकाच्या नाकासमोर फिरवली. मग पेट्याकडे पुन्हा बघितलं. कडेला पिवळी किनार राहिली होती. तिने सावकाश मान वळवली. दाराशी जावईबापू उभे होते, हातात तिच्याच दुकानातला बर्फाचा डबा.

तोवर गर्दी पेटली होती. ज्या हातांनी बाबाचे पाय चेपले, त्याच हातांनी त्याची दाढी उपटली. खुर्च्या मोडल्या, शेगडी उलटली. कुणीतरी जावयालाही धरलं आणि नाकावर ठोसा घातला.

"अरे मूर्खांनो, आधी वाट द्या!" मावशी लेकीला खांद्यावर टाकून ओरडली. "काल न बघता पाया पडलात, आज न बघता मारता! त्याला पोलिसांसाठी थोडा शिल्लक ठेवा!"

अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन लांबलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा गाऊन घामाने अंगाला चिकटला होता.

"वाचली. आणखी उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते. मोठी चीर द्यावी लागली, व्रण राहील."

"राहू दे. आत हात घालायचा तर कापावं लागतंच, बाई. मला विचारा."

बाकावर जावईबापू नाकाला फडकं लावून बसले होते. मावशी समोर उभी राहिली.

"आई, बाबा म्हणाले, घरच्यांवर करून दाखवलं की लोकांचा विश्वास बसतो," ते पुटपुटले. "मला वाटलं, तेवढं झालं की लगेच हॉस्पिटलात नेऊ."

मावशीने फुटक्या ओठावरचं रक्त पदराने पुसलं.

"ऐका जावईबापू. त्या शेडमधल्या लोकांना मी माफ केलं. त्यांनी डोळ्यांनी बघितलं आणि खरं मानलं. त्यांना मी दारोदार जाऊन सांगेन, बाबांनो, नवल दिसलं की हात लावा, उलटून बघा, प्रश्न विचारा, आणि जो डोळे मिटायला सांगेल त्याच्यासमोर ते जास्त उघडा. पोटात दुखलं तर डॉक्टरकडे जा. सांगितल्यावर त्यांना कळेल, कारण ते फसले होते. तुम्ही फसला नव्हता. पेटा कुठून आला, रक्त कुठलं, सगळं तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी माझी लेक तुम्ही त्या टेबलावर झोपवलीत. याला अंधश्रद्धा म्हणत नाहीत. तुम्ही खून करायला निघाला होतात. डॉक्टरीणबाईंनी तो पुरा होऊ दिला नाही, एवढंच."