मिशनवाली काहीच देत नाही

देवीदासने नकार तयार करून ठेवला होता, पण तो द्यायला कोणी भेटत नव्हतं.

नकार चांगला होता. "सिस्टर, आमच्या आजोबानं छप्पन साली नागपूरले जाऊन धर्म बदलला. विचार करून बदलला, तांदळासाठी नाही. आता आमच्या घरी तो विषय संपला." सौंसरच्या पाण्याच्या टाकीखाली बसून त्याने हे इतक्या वेळा म्हणून पाहिलं होतं की 'छप्पन' म्हटलं की टाकीवरची कबुतरं उडायची.

देवीदास नगरपालिकेत वालमन होता. भल्या पहाटे सायकलला लांब लोखंडी चावी बांधून निघायचं आणि गल्लीगल्लीतले पाण्याचे वाल उघडायचे, बंद करायचे, हे त्याचं काम. टाकीतलं पाणी आणि लोकांना लागणारं पाणी यांचा मेळ कधीच बसला नव्हता, तरी थोडं इकडून दाबून, थोडं तिकडून सोडून शेवटच्या घरापर्यंत काहीतरी पोचवायचं, यात त्याची कला होती. त्याच्या लाईनवरचं शेवटचं घर चिंधूबाबांचं. तिथल्या नळातून पाणी कमी आणि हवा जास्त यायची. आधी चिंधूबाबा रोज भांडायचे. मग भांडायचे थांबले. तेव्हापासून देवीदास त्यांना समाधानी लोकांत धरत होता.

मिशनचा विषय घरात आणला गुणवंताने. गुणवंता हा देवीदासच्या बायकोचा, शीतलचा, थोरला भाऊ. पांढुर्ण्यात त्याचं मोबाईल रिचार्जचं दुकान होतं. लोक आता घरूनच रिचार्ज करत असल्यामुळे दुकानात गिऱ्हाईक कमी आणि माहिती जास्त होती. त्या माहितीप्रमाणे मिशनवाल्यांची एक पद्धत असते. आधी लेकराचं वजन करतात. मग घरातल्या खर्चाचं विचारतात. मग स्वतः घरी येतात. आणि सगळ्यात शेवटी, अगदी साध्या आवाजात विचारतात, रविवारी येता का. हो म्हटलं की पोराची इंग्रजी शाळेतली फी माफ, वर पाण्याचा फिल्टर.

"फक्त धर्म बदलाच्या आधी कलेक्टरले कळवा लागते, जवाई," गुणवंता म्हणाला होता. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून कलेक्टर तिथेच बसत असल्यामुळे तो अर्ज गुणवंताच्या दुकानात भरून मिळण्यासारखा होता.

फिल्टरचं देवीदासला काही वाटलं नाही. पाण्याची माणसं फिल्टरला भुलत नाहीत. पण फी माफ हे दोन शब्द त्याच्या डोक्यात जाऊन बसले आणि उठेनात.

कारण तृप्ती. त्याची थोरली पोरगी, पहिलीत होती. तिची सरकारी शाळा आणि मिशनची इंग्रजी शाळा यांच्यात एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे दोन खोल्यांत पाच वर्ग आणि एक मॅडम, ज्या बहुतेक वेळ मोबाईलवर सरकारला मुलांची हजेरी पाठवण्यात गुंतलेल्या. पलीकडे बस, बूट, आणि मे महिन्यातसुद्धा हिरवंगार लॉन, कारण त्यांची स्वतःची बोअर. हे लॉन देवीदासला वालमन म्हणून खुपायचं आणि बाप म्हणून आवडायचं. सकाळी पलीकडची पोरं एका सुरात 'गुड मॉर्निंग, सिस्टर' म्हणायची. अलीकडून तृप्तीही भिंतीला तोंड लावून म्हणायची. तिच्या मते ती दोन्ही शाळांत जात होती.

देवीदासने पोस्टात तिच्या नावाने आरडी उघडली होती. पलीकडच्या शाळेत प्रवेश घ्यायचा म्हणजे आधी एकदम बरीच रक्कम लागायची. शीतल बोरगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. धाकटा रोशन दोन महिन्यांचा झाला आणि ती परत कामावर रुजू झाली. सकाळ-रात्र ती अंगावर पाजायची. दिवसा, वाल बंद करून आलेला देवीदास त्याला डब्याचं दूध बाटलीने द्यायचा.

डब्याची किंमत पाहून त्याला पहिल्यांदा वाटलं, छापण्यात चूक झाली असेल. मग त्याने धंद्यातली अक्कल वापरली. डब्यावर लिहिलं होतं इतक्या पाण्याला इतके चमचे. लिहिणाऱ्याने सौंसरचा पाणीपुरवठा पाहिला नव्हता. देवीदासने चमचे कमी केले आणि पाणी तेवढंच ठेवलं. बाटली भरलेली दिसायची. लेकरू प्यायचं, झोपायचं. डबा तिप्पट दिवस चालायला लागला, वाचलेले पैसे आरडीत जायला लागले, आणि कुठूनही तक्रार आली नाही. शीतलला त्याने सांगितलं की आपला रोशन मोठ्या शांत स्वभावाचा निघाला, रडत म्हणून नाही.

रोशन पाच महिन्यांचा झाला तरी अंगाने भरेना, तेव्हा अंगणवाडीच्या बाईने सांगितलं की दर मंगळवारी मिशनच्या दवाखान्यात नेऊन वजन करत जा. देवीदासच्या मनात आलं, झाली सुरुवात.

दवाखान्यात सिस्टर एल्सी होत्या. मूळच्या केरळच्या, पण सौंसरात राहून राहून वऱ्हाडी बोलायला लागलेल्या, आणि ती वऱ्हाडी केरळच्या चालीत यायची. देवीदासने आत शिरताच भिंती पाहून घेतल्या. क्रूस छोटासा होता. इतका छोटा की त्याला संशय आला, मोठा आत ठेवला असेल. सिस्टरने त्याला पाणी दिलं. त्याने ग्लास नाकाशी नेला. काही घातलंबितलं असेल तर कळावं म्हणून आधी जिभेच्या टोकावर घेतलं. क्लोरीनची चव आली. पाणी त्याचंच होतं.

सिस्टरने रोशनला काट्यात ठेवलं, आकडा लिहिला, लेकराच्या दंडाला टेप लावली, आणि काय पिते म्हणून विचारलं. देवीदास म्हणाला, आईचं आणि डब्याचं. डब्याचं कसं करता? डब्यावर लिहिलंय तसं. यावर सिस्टरने पुढच्या मंगळवारी या म्हटलं. बस. ना तांदूळ, ना पुस्तक, ना प्रार्थना. देवीदास दारात थोडा रेंगाळला, बुटांची लेस बांधायला वाकला. पायात चपला होत्या हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

पुढच्या मंगळवारीही तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. वजनाचा आकडा हलेना आणि सिस्टर तर मुळीच हलेनात. दर मंगळवारी तयार नकार घेऊन जायचं आणि तसाच परत आणायचा, याचा माणसाला अपमान वाटायला लागतो. गावात कोणाकोणाला काय काय देऊ केलं असेल आणि आपल्याला साधं विचारतही नाहीत, हे त्याला लागलं. शेवटी त्यानेच वाट करून द्यायला सुरुवात केली. माझी पोरगी फार हुशार आहे, म्हणाला. इंग्रजी भिंतीतून शिकली, म्हणाला. देवाधर्माचं आमच्याकडे तसं फार कडक नाही, असंही एकदा छताकडे पाहून म्हणाला.

सिस्टरने वहीतले मागचे आकडे पाहिले. मग म्हणाल्या, "डबा किती दिवस पुरून राहिला?"

खर्चाचं विचारलं. गुणवंताची दुसरी पायरी. देवीदास सावध झाला आणि खूषही. त्याने दिवस कमी करून सांगितले. सिस्टरने मान हलवली. विश्वास बसलेल्या माणसाची ती मान नव्हती.

दोन दिवसांनी भर दुपारी सिस्टर एल्सी स्कूटीवरून थेट त्याच्या दारात.

तिसरी पायरी. देवीदासने घाईने केस विंचरले, खाटेवरची चादर ओढली, दार अर्धं लोटलं. या मधल्या काळात त्याचा नकार जरासा बदलला होता. म्हणजे नकारच होता, पण त्यात आता अटी होत्या. त्याने हिशोब मांडून ठेवला होता. सगळं एकदम करणं त्याच्या ऐपतीबाहेर होतं, घरातून, समाजातून आणि मनातूनही. पण जगात आता फ्रीज, मोटारसायकल, सगळं हप्त्यावर मिळतं.

"सिस्टर, मी सरळ बोलतो," तो म्हणाला. "तृप्तीले शाळेत घ्या. पयल्या साली आम्ही फक्त नाताळले येतो. ती पाचवीत गेली की मग रविवारचं पाहू. बाकीचं दहावीनंतर."

सिस्टरने स्कूटीची किल्ली पर्समध्ये टाकली. "शाळा वेगळी, दवाखाना वेगळा," त्या म्हणाल्या. "शाळेवाले माह्यंच ऐकत नाही. मले तुमी दूध करून दाखवा."

"कायचं दूध?"

"रोशनचं. रोज करता तसं. बाकी काही नका करू."

देवीदासला ही परीक्षा वाटली, आणि परीक्षेत त्याचा हात साफ होता. पाणी उकळून निवलेलं होतं. बाटली धुतलेली होती. त्याने बाटली गळ्यापर्यंत भरली, डबा उघडला, मापाचा चमचा घेतला, वरून बोटाने सपाट केला, एकदा टाकला. झाकण लावलं, हलवली. बाटली सिस्टरच्या हातात दिली.

सिस्टरने ती उजेडात धरली. बाटलीतून पलीकडची खिडकी दिसत होती. खिडकीतून गल्लीतला नळसुद्धा.

त्या ओरडल्या असत्या तर देवीदासला बरं पडलं असतं. त्याच्याकडे ओरडणाऱ्यांसाठी उत्तरं होती, रोज पहाटे लागायची. सिस्टरने फक्त विचारलं, किती दिवसांपासून असं. तो म्हणाला, पहिल्या डब्यापासूनच. मग, त्यांना समजावं म्हणून, कौतुकाने नाही पण समजावं म्हणून, सांगायला लागला की धंदाच असा आहे, थोडं दाबून सोडलं तर शेवटच्या घरापर्यंत पोचते, आणि लेकराचीही काही तक्रार...

तक्रार या शब्दावर तो अडकला.

झोळीत रोशन जागा होता. डोळे उघडे होते. बाटली दिसत होती तरी हात हलवत नव्हता, रडत नव्हता, नुसता पाहत होता. हे असं पाहणं देवीदासने कुठेतरी पाहिलं होतं, आणि कुठे ते आठवायला त्याला नको होतं, तरी आठवलं. चिंधूबाबा नळापाशी बादली लावून असेच बसतात. ते समाधानी झाले नव्हते. त्यांनी फक्त आशा सोडली होती.

त्याने झोळीतून लेकरू उचललं. पहिल्यांदा त्याला ते हलकं लागलं. रोज उचलत होता, तरी पहिल्यांदा.

पुढचं वेगाने झालं. सिस्टर म्हणाल्या, सरकारी दवाखाना, आत्ता. सायकलवर लेकरू नेता येईना. म्हणून भर बाजारातून, बसस्टँडसमोरून, पुढे पांढऱ्या साडीतल्या सिस्टर आणि मागे छातीशी लेकरू धरलेला देवीदास, असा स्कूटीवरून तो गेला. संत्र्यांच्या गाड्यांवरच्या लोकांनी तोलणं थांबवून पाहिलं. दिवेलागणीपर्यंत सौंसरात पक्कं झालं की देवीदास वालमन मिशनात गेला. शेजारच्या मोहगावात तर त्याचं नवं नावही ठरलं, डेविड. नाव ठरवणाऱ्याने फार डोकं लावलं नव्हतं.

रोशनला भरती करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर झटके आले असते. कंपनीतून शीतल धावत आली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग लेकराला पाजता पाजता, देवीदासकडे न पाहता म्हणाली, "माह्या लेकराले तुमी पाणीपुरवठा केला."



देवीदासने आरडी मोडली. शीतलने बिनपगारी सुट्टी काढली. नर्सने बाटली करायला शिकवली, आणि पहिली बाटली हातात घेऊन देवीदासने ती खिडकीसमोर धरली. खिडकी दिसेना. तिसऱ्या दिवशी पहाटे रोशन रडला. असा रडला की अख्खा वॉर्ड उठला, शेजारच्या खाटेवरच्या बाईने शिवी दिली. देवीदास ते ऐकत उभा राहिला. तक्रार ऐकून इतकं बरं वाटलेला सौंसरातला तो पहिला वालमन असावा.

गुणवंताचा पांढुर्ण्याहून फोन आला. त्याला स्कूटीचं समजलं होतं. काय काय भेटलं, हे त्याला हवं होतं. काहीच नाही, देवीदास म्हणाला. फी? नाही. फिल्टर? नाही.

"मले वाटलंच," गुणवंता हळूच म्हणाला. "मी इकडच्या मिशनात चार रविवार गेल्तो, जवाई. खुर्च्या उचलायले लावल्या."

तृप्ती सरकारी शाळेतच राहिली. भिंतही तिथेच राहिली. देवीदासने पहाटे निघताना आता चिंधूबाबांच्या गल्लीचा वाल आधी उघडायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी नळाला खरंच पाणी आलं, तर चिंधूबाबांना संशय आला आणि त्यांनी ते भरलं नाही.

मंगळवारी तो रोशनला घेऊन वजनाला गेला. काट्यावर ठेवल्या ठेवल्या लेकराने सिस्टरचा चष्मा ओढला. आकडा चढला होता. सिस्टरने लिहिला, पेन ठेवला, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "रविवारी येता का?"

देवीदास सावरून उभा राहिला. चौथी पायरी. म्हणजे होतंच काहीतरी. इतके दिवस काही न देणं हेच मोठं आमिष होतं. त्याने घसा साफ केला. आजोबा आठवले, नागपूर आठवलं. "सिस्टर," तो म्हणाला, "छप्पन साली..."

"मांगच्या टाकीचा वाल गळून राहिला," सिस्टर म्हणाल्या. "बाकी दिवस पेशंट असते. रविवारी जागा मोकळी राहते."

रविवारी तो चावी आणि पाना घेऊन गेला. फाटकातून शिरताना रस्त्यावरच्या चार जणांनी एकमेकांना खुणा केल्या. वालातलं वायसर सडलं होतं. त्याने स्वतःजवळचं नवं टाकलं, वाल घट्ट केला, गळणं थांबलं. सिस्टर पर्स घेऊन आल्या, किती झाले म्हणून विचारलं. देवीदास म्हणाला, काही नाही.

"काही नाही?"

"काही नाही जी."

सिस्टरने पर्स बंद केली नाही. डोळे बारीक करून त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग वालाकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "तुमाले पाह्यजे काय?"