जोडटाकी आणि गेणबाचा पंप

या वयात माणसानं पाठीवर नव्या टाक्या बांधून बघू नयेत. पण आमच्या साहेबांना हे कोण सांगणार? मुंबईच्या बंदराबाहेर खोल समुद्रात एक बोट बुडाली होती आणि पावसाळा संपला की आम्हाला तिच्यापर्यंत उतरायचं होतं. मे महिन्यात समुद्र खवळू लागलेला, म्हणून सामानाची निवड मुळशीच्या धरणात करायची ठरली. पाणी खोल, निवांत, आणि वर साहेबांना राहायला बंगला.

पाणबुड्याच्या धंद्यात माझा जन्म गेला. डोक्यावर पितळी टोप, टोपाला रबरी नळी आणि नळीच्या वरच्या टोकाला हवेचा पंप फिरवणारा गेणबा. गेणबा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, इथल्याच माले गावचा. मीच त्याला गोदीत चिकटवला. तो फिरवील तेवढी हवा मला खाली मिळायची. पंपाशेजारी कुणी विडी ओढली की तिचा वास थेट टोपात यायचा, आणि मी तळाच्या चिखलात उभा राहून गेणबाला शिव्या घालायचो. वर तो आहे म्हणून बरंही वाटायचं.

आता या टाक्या. हवा पाठीवर बांधून न्यायची, वर कुणी फिरवायला नको. टाक्या पसंत पडल्या तर पंपवाल्यांना घरी पाठवणार, असं साहेबांनी गेणबाच्या तोंडावर सांगितलं. त्यातून ही जागा त्याच्या गावाजवळची. मालेहून माणसं बघायला आलेली. त्याची बायको रंभाबाई भाकऱ्या घेऊन आली होती आणि बायकांना सांगत होती, "ह्येंनी हात थांबवला, की पावनं खालीच ऱ्हातील." मी तिथल्या तिथं ठरवलं, टाक्यांना नावं ठेवायची.

एकेरी टाकीला नावं ठेवायला कष्ट पडले नाहीत. खाली जाऊन जरा इकडंतिकडं बघितलं तोवर हवा संपत आली. जोडटाकी मात्र काठावर जड असली तरी पाण्यात हलकी झाली. मागं नळी नाही, हवं तिकडं वळावं. मला ती आवडली आणि त्याचाच राग आला. दिव्यांचंही तसंच. मोठा दिवा वायरीनं होडीतल्या बॅटरीला जोडलेला. तो लावला की गाळ उजळून समोर पांढरी भिंत उभी राहायची, वर वायर पायात अडकायची. हातातल्या छोट्या दिव्यानं पुढचा झाडाचा बुंधा स्वच्छ दाखवला. समुद्रात छोटाच बरा, कमरेला दुसरा असावा, असं मी साहेबांना सांगितलं. टाकीचं विचारलं तेव्हा म्हणालो, "आधी टोप घालून उतरतो, मग सांगतो."

होडीतल्या पंपाच्या एका चाकावर गेणबा, दुसऱ्यावर त्याचा जोडीदार कुशाबा. तळाला गेलो आणि टोपात गरम व्हायला लागलं. डोकं जड झालं. जास्त हवेची खूण म्हणून कमरेच्या दोराला हिसडा दिला, तशी हवा भसकन आली आणि पुन्हा मंदावली. पुन्हा हिसडा, पुन्हा तेच. डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली तेव्हा वर ओढायची खूण केली.

होडीत टोप काढला. गेणबा चाकावर कपाळ टेकून बसला होता, बंडी घामानं भिजलेली. कुशाबा दोघांचा जोर एकट्यानं लावून धापा टाकत होता.

काठावर साहेबांनी विचारलं, "काय झालं?"

"पंपाच्या दट्ट्याचं चामडं झिजलंय, हवा गळतेय."

"म्हणजे ते बदललं की पंप चालेल?"

"चालेल. समुद्रात पंपच बरा."

खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. साहेब चहा घ्यायला बंगल्यावर गेले. मी ओला पोशाख दगडावर पसरून बसलो, तेव्हा गेणबा शेजारी येऊन टेकला.

"दाजी, चामडं म्या परवाच बदललंय."

"गप बस."

"हातात जोर न्हाई ऱ्हायला. हिवाळ्यापासनं. जरा येळ बरं चालतंय, मंग खांदाच उचलत न्हाई."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तुमी तरी सायबाला कुटं सांगितलंत?"

मी चिडलो. "तुजी भाकर माज्या हातानं घालवू व्हय?"

तो म्हणाला, "सायेब नवं चामडं घालतील आन मलाच परत पंपावर बसवतील. समिंदरात. मंग तुमी खालीच ऱ्हाल, आन अक्काला सांगाया मला जावं लागंल."

इतकी वर्षं ज्याच्या हातावर श्वास घेतला, तो आपला हात आपणच काढून घेत होता, आणि तोही माझ्यासाठी. मी उठलो, ओल्याच पायांत चपला सरकवल्या आणि बंगल्याची चढण चढू लागलो.

"पावनं कुटं निघालं?" मागून रंभाबाईचा आवाज आला.

"सायबाकडं," गेणबा म्हणाला. तिच्याभोवतीच्या बायकांना ऐकू जाईल असं तो मुद्दाम मोठ्यानं बोलत होता. "जोडटाकी पसंत पडली दाजीस्नी. आता माजी गरज न्हाई."